जागा भरलेली आहे

थिमारूसा,
९ फेब्रुवारी २००३

प्रिय एव्हान्थिया,

आठ दिवस बोट नव्हती. काल आली. तिच्यातून कांद्याची पोती उतरली, टपाल उतरलं, पाद्रीबाबांची नवी कवळी उतरली. डॉक्टर काही उतरला नाही. मी नेहमीसारखी धक्क्यावर जाऊन उभी होते. पांदेलिस दोर बांधता बांधता म्हणाला, "काय पोलिक्सेनी, कुणाला न्यायला आलीस?" म्हटलं, "तुझ्या सासूला." सगळे हसले. मीही हसले, आणि दवाखान्यात परत येऊन दारावरची पाटी 'डॉक्टर नाही' या बाजूने उलटी केली.

तू सहा महिन्यांसाठी म्हणून अथेन्सच्या इस्पितळात गेलीस, त्याला आता सतरा महिने झाले. तक्रार करत नाही, फक्त मोजते. इथे मी आहे, रक्तदाबाचं यंत्र आहे आणि लसींचा फ्रीज आहे, तोही वीज असली तर. एकतीस वर्षं नर्स आहे मी. टाके घालते, सलाईन लावते, वेळ आली तर बाळंतपणही करते. पण औषधाच्या वहीवर सही करायचा अधिकार मला नाही. म्हणून सगळ्यांच्या वह्या पिशवीत भरून बोटीने मोठ्या बेटावर पाठवते. तिथला डॉक्टर माणूस न बघता सही करतो आणि वह्या आठवड्याने परत येतात. आणि छातीत दुखतंय म्हणून कुणी आला, तर ते पोटातला वारा आहे की काळीज, हे मला सांगता येत नाही.

बेकरीवाल्या कॅलिरोईची साखर पुन्हा चढली आहे. उजव्या पायाच्या अंगठ्याला जखम आहे, भरत नाही. तिला मोठ्या बेटावर जा म्हटलं तर म्हणते, "एव्हान्थिया येणारच आहे ना ईस्टरनंतर? तीच बघेल."

तू नाताळात फोनवर म्हणाली होतीस ना, ईस्टरनंतर नक्की? दवाखान्यावरच्या तुझ्या खोल्यांना चुना काढून घेतला. गादी उन्हात टाकली. तुझ्या दनाईला आता शाळेत घालायचं असेल. इथल्या शाळेत अकरा मुलं आहेत, ती बारावी. मास्तरीणबाई खूश आहेत, बारा झाली की शाळा बंद होत नाही म्हणे.

तुझी,
पोलिक्सेनी

*

अथेन्स,
२ मार्च २००३

प्रिय पोलिक्सेनीमावशी,

तुमचं पत्र इस्पितळात मिळालं. बाह्यरुग्णांची रांग संपल्यावर जिन्यात बसून वाचलं. पांदेलिसच्या सासूवर मी एकटीच हसत होते.

कॅलिरोईच्या जखमेची रोज दोनदा ड्रेसिंग करा. पाय कोमट पाण्यात अजिबात बुडवू देऊ नका. कडा काळ्या पडल्या किंवा वास यायला लागला तर माझी वाट न बघता तिला बोटीत बसवा. हे मोठ्याने वाचून दाखवा तिला, माझं नाव घेऊन. सोबत औषधांच्या नमुन्यांचा खोका पाठवते आहे. जे गोळा करता आलं ते केलं.

इथे कामाचा डोंगर आहे. दनाई बरी आहे. ईस्टरनंतर बघू या. खोल्यांना चुना काढायची काय घाई होती, मावशी? तुमचे गुडघे सांभाळा.

तुमची,
एव्हान्थिया

*

थिमारूसा,
१८ मे २००३

मा. डॉक्टर एव्हान्थिया राल्ली यांस,

ईस्टर होऊन तीन आठवडे झाले. सणाला तुमच्यासाठी रंगवलेली लाल अंडी अजून माझ्या टोपलीत आहेत.

तुमचा फोन लागत नाही म्हणून मी विभागीय कार्यालयाला फोन केला. तिथले साहेब भले गृहस्थ आहेत. आमचं बोलणं झालं ते असं.

मी म्हटलं, "साहेब, थिमारूसाला डॉक्टर कधी देताय?"

"बाई, थिमारूसाला डॉक्टर आहे."

"कुठे आहे?"

"यादीत आहे. राल्ली, एव्हान्थिया. जागा भरलेली आहे."

"अहो, ती अथेन्सला आहे!"

"तात्पुरती तिकडे आहे. जागा तुमच्याकडचीच. भरलेल्या जागेवर मी दुसरा माणूस कसा पाठवू? एका खुर्चीवर दोघं बसतात का?"

"खुर्ची रिकामी आहे हो!"

"कागदावर नाही ना, बाई."

मग त्यांनी सहज सांगितलं, की तुमची मुदत आणखी एक वर्ष वाढली. तुमच्याच अर्जावरून. सही वीस फेब्रुवारीची. म्हणजे दोन मार्चला 'ईस्टरनंतर बघू या' असं लिहिलंत, तेव्हा तो कागद तुमच्या हातात होता.

मला राग मुदतीचा नाही. जिथे पगार तोच आणि रात्री झोप लागते तिथे कोण राहणार नाही? पण मला सांगायचं होतंत. मी गावभर सांगत फिरले. कॅलिरोईच्या अंगठ्याचा अर्धा भाग मोठ्या बेटावर कापला, कारण ती तुमची वाट बघत बसली आणि मी तिला बसू दिलं.

आपली,
पोलिक्सेनी, परिचारिका

*

अथेन्स,
१ जून २००३

पोलिक्सेनीमावशी,

मला 'मा. डॉक्टर' म्हणू नका. बाकी काय हवं ते म्हणा.

हे पत्र मी तीनदा फाडलं. आता सरळ लिहिते. दनाईला फिट्स येतात. पहिली आली ती मी बेटावरून सुट्टीवर इथे आले होते तेव्हा, बसमध्ये. म्हणून सहा महिने मागून घेतले. वाटलं औषधं लागू पडतील आणि परत जाऊ. पडली नाहीत. काही फिट्स आपोआप थांबतात. काही थांबत नाहीत, तेव्हा मुलांच्या इस्पितळात न्यावं लागतं. माझ्या घरापासून ते वीस मिनिटांवर आहे. गेल्या वर्षी चार वेळा त्या वीस मिनिटांनी तिला वाचवलं. थिमारूसावर ती वीस मिनिटं कुठून आणू? तिथे डॉक्टर म्हणून मीच असणार आणि माझ्या हातात तुमच्याएवढंच सामान असणार.

कुणाला सांगितलं नाही, कारण सांगितलं की लोक मुलीकडे वेगळ्या नजरेने बघतात. तिच्या बालवाडीतही सांगितलेलं नाही. तिचा बाप जहाजावर असतो, आठ-आठ महिने. त्याला मी अर्ध्याच गोष्टी सांगते.

तुम्ही म्हणाल, मग राजीनामा दे, जागा मोकळी कर. रोज तेच मनात येतं. पण राजीनामा दिला की इथली नेमणूकही गेली, आणि पुन्हा सरकारी नोकरीत यायला कितवा नंबर लागेल देव जाणे. माझं नाव तुमच्या खुर्चीवर बसलं आहे म्हणून तर मला इथे उभं राहता येतं. हे लिहितानाही लाज वाटते आहे.

कॅलिरोईला काय सांगू? तिला म्हणावं, शिव्या दे.

एव्हान्थिया

*

थिमारूसा,
१६ जून २००३

अगं पोरी,

एवढं सगळं एकटीने पोटात ठेवलंस? एकवीस महिने मी तुला धक्क्यावर उभं राहून शिव्या घातल्या आणि तू तिकडे लेकराला मांडीवर घेऊन बसली होतीस.

देवमातेच्या तसबिरीपुढे दनाईच्या नावाने नवसाचा चांदीचा पत्रा लावला. पाद्रीबाबांनी विचारलं, कुणासाठी? म्हटलं, एका ओळखीच्या मुलीसाठी. कुणाला कळणार नाही.

कॅलिरोई शिव्या देत नाही. म्हणते, अर्धाच गेला ना, पाव मळायला पाय लागत नाहीत.

तू तिथेच राहा. जागेचं आम्ही बघून घेऊ. आजपर्यंत बघितलंच की.

पोलिक्सेनी

*

अथेन्स,
२० ऑक्टोबर २००३

मावशी,

पेपरात आतल्या पानावर चार ओळी आल्या आहेत. थिमारूसाजवळ मासेमारी बोटीत एकाचा मृत्यू. नाव पांदेलिस, वय सेहेचाळीस. तुम्ही मला काहीच लिहिलं नाहीत. आपलाच पांदेलिस का? दोर बांधणारा? काय झालं?

मी असते तर काही झालं असतं का, ते खरं सांगा.

एव्हान्थिया

*

थिमारूसा,
३ नोव्हेंबर २००३

एव्हान्थिया,

आपलाच.

सकाळी नऊला तो स्वतःच्या पायांनी चालत आला. घाम आलेला, डावा हात चोळत होता. म्हणाला, "पोलिक्सेनी, काल वाटाणे खाल्ले, पोटात वारा धरलाय." मी त्याला झोपवलं आणि मोठ्या बेटावर डॉक्टरला फोन लावला. तो म्हणाला, ॲस्पिरिन द्या, जिभेखाली गोळी ठेवा आणि ताबडतोब पाठवा. कशाने पाठवू? समुद्रात नऊ नंबरचा, वादळी वारा होता. बोटींना बंदी. हेलिकॉप्टर मागितलं, ते म्हणाले, वारा पडला की उडू. दहाला फोन, बाराला फोन, दोनला फोन. दरवेळी आवाज वेगळा आणि उत्तर एकच.

चारला वारा जरा उतरला तेव्हा त्याच्या भावाने आपली मासेमारीची बोट काढली. मी सोबत गेले. बेटाचं टोक ओलांडल्यावर पांदेलिसने माझा हात धरला आणि विचारलं, "वाराच असेल ना गं?" मी म्हटलं, "वाराच आहे." त्यानंतर तो बोलला नाही. मी छाती दाबत राहिले. भाऊ मागे वळून बघत नव्हता, सुकाणू धरून नुसता मोठमोठ्याने त्याचं नाव घेत होता.

तू विचारतेस, तू असतीस तर? मला माहीत नाही. मला माहीत नाही म्हणून तर डॉक्टर हवा होता.

तुला लिहिलं नाही कारण तुझ्या डोक्यावर आधीच पुरेसं आहे. आता विचारलंसच तर पुढचंही ऐक. मागच्या आठवड्यात कार्यालयातून एक मुलगी तपासणीला आली होती. नवी आहे, बोटीत सगळी वाट उलट्या करत आली बिचारी. तिला लिंबूपाणी दिलं. मग तिने फॉर्म काढला. मंजूर जागा: डॉक्टर एक, परिचारिका एक. भरलेल्या: दोन. केंद्रात झालेले मृत्यू: नाही.

मी म्हटलं, "पोरी, पांदेलिस?"

"तो केंद्रात नाही गेला ना, मावशी. समुद्रात गेला. समुद्राचा रकाना नाही."

तिने पेन खाली ठेवलं. म्हणाली, "मी खाली शेरा लिहिते. पण वर बेरीज करताना शेरे कुणी वाचत नाही." आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मलाच तिची समजूत काढावी लागली.

काल तिचा फोन आला. छोट्या केंद्रांच्या यादीत थिमारूसा तिसरं आलं आहे. अभिनंदनाचं पत्र येतंय म्हणे.

बावीसला पांदेलिसचा चाळिसावा दिवस. त्याच्या बायकोने प्रार्थनेनंतर वाटायचे प्रसादाचे गहू शिजवायला मला बोलावलं आहे. तिच्यासमोर कशी बसू ते कळत नाही.

पोलिक्सेनी

*

अथेन्स,
१२ जानेवारी २००४

प्रिय मावशी,

राजीनामा दिला. सात तारखेला मंजूर झाला. तुमची जागा आता कागदावरही रिकामी आहे. त्यांना जाहिरात काढावीच लागेल.

तुम्हाला आधी विचारलं नाही, कारण तुम्ही नको म्हणाला असतात. ज्या दिवशी तुमचं पत्र वाचलं, त्या दिवसापासून इस्पितळात कुणीही 'डॉक्टर राल्ली' अशी हाक मारली की वाटायचं, मी चोरलेला कोट घालून हिंडते आहे.

आमची काळजी नको. एका खासगी तपासणी केंद्रात काम मिळालं आहे, दुपारी तीन ते नऊ. रक्ताचे रिपोर्ट बघून लोकांना समजावून सांगायचं. माणूस आजारी असला की पुढे पाठवायचा. दनाईला नवं औषध सुरू केलंय, दोन महिन्यांत एकही फिट नाही. मी लाकडाला हात लावून लिहिते आहे.

नवा डॉक्टर आला की मला कळवा. त्याला म्हणावं, खोल्यांची उत्तरेची खिडकी नीट लागत नाही, खाली कागदाची घडी घालावी लागते.

तुमची,
एव्हान्थिया

*

थिमारूसा,
३० मे २००४

एव्हान्थिया, माझ्या पोरी,

चार महिने तुला लिहिलं नाही. तुझी दोन पत्रं आली, फोन आले, मी दवाखान्यात असूनही घेतले नाहीत. काय सांगणार होते?

पहिली जाहिरात मार्चमध्ये निघाली. एकही अर्ज नाही. दुसरी एप्रिलमध्ये. एक अर्ज आला, उत्तरेकडच्या एका तरुण मुलाचा. त्याने मला फोन केला. आवाज फार चांगला होता. त्याने विचारलं, "बाई, माझी बायको शिवणकाम शिकवते, तिला काम मिळेल?" म्हटलं, हिवाळ्यात आम्ही एकशे चाळीस माणसं आहोत. "मुलांसाठी शाळा?" म्हटलं, यंदा नऊ मुलं उरली, पुढच्या वर्षाचं सांगता येत नाही. "मी सुट्टीवर गेलो तर बदली डॉक्टर येतो?" म्हटलं, आजवर एकदाही आलेला नाही. तो म्हणाला, "खरं बोललात, उपकार झाले." दुसऱ्या दिवशी त्याने अर्ज मागे घेतला.

तेव्हापासून मी स्वतःला विचारते आहे, खोटं का नाही बोलले? एकदा बोटीतून उतरला असता तर निदान हिवाळाभर अडकला असता.

दोनदा जाहिरात देऊन माणूस मिळाला नाही की ती जागा गर्दीच्या ठिकाणी हलवायची, असा नियम आहे. तो मला ठाऊक नव्हता, तुलाही नसावा. जागा मोठ्या बेटावर गेली. तिथे लगेच भरली. आता यादीत थिमारूसापुढे डॉक्टरची ओळच नाही. मंजूर जागा एक, परिचारिका. भरलेली एक. कार्यालयाला आमच्याकडे काहीच कमी दिसत नाही.

तू तुझं पोट मारून जागा रिकामी केलीस, आणि रिकामी झाली म्हणून ती गेली. तुझं नाव खोटं का होईना तिथे होतं, तोवर भांडायला एक नाव तरी होतं. हे मी तुला दुखवायला लिहीत नाही. तुला दुसऱ्या कुणाकडून कळू नये म्हणून लिहिते.

दनाई कशी आहे?

पोलिक्सेनी

*

अथेन्स,
२० जून २००४

मावशी,

पत्र वाचलं. आठ दिवस ते पर्समध्ये घेऊन फिरले.

दनाई बरी आहे. मार्चमध्ये एक, एप्रिलमध्ये एक, दोन्ही आपोआप थांबल्या.

ऑगस्टमध्ये देवमातेच्या सणाला मी येते. दनाईचा बाप तेव्हा घरी असेल, ती त्याच्याजवळ राहील. चारच दिवस. कार्यालयाला सांगू नका, गावालाही सांगू नका. औषधांची बॅग भरून आणते. कुणी भेटायला आलंच तर बघीन.

एव्हान्थिया

*

थिमारूसा,
२६ सप्टेंबर २००४

प्रिय एव्हान्थिया,

तू परत गेलीस त्याला सहा आठवडे होतील. तू दोनदा विचारलंस, सगळे कसे आहेत. मी 'ठीक' एवढंच कळवलं. ते ठीक नव्हतं.

पण आधी हे लिहू दे की ते चार दिवस मी विसरणार नाही. धक्क्यावर तू उतरलीस आणि बायकांनी तुझे हात धरले. सणाच्या दिवशी चर्चमध्ये कमी आणि दवाखान्याच्या पायऱ्यांवर जास्त माणसं होती. पाद्रीबाबा स्वतः नंबर लावून बसले. एकशे सात माणसं तपासलीस तू. तुला जेवायला चमचा द्यायचा तर तुझ्या हातात कुणाची तरी नाडी असायची. पांदेलिसची बायको आली, रक्तदाब मोजून घेतला, जाताना टेबलावर अंजिरं ठेवून गेली. त्या वेळी तू भिंतीकडे तोंड केलंस, ते मी बघितलं.

आता इसिदोरसचं. कॉफीवाला म्हातारा. त्याच्या पोटात धडधडणारी गाठ तुझ्या हाताला लागली होती. तू त्याला खुर्चीवर बसवून बजावलंस, "इसिदोरसआजोबा, ही फुगलेली धमनी आहे. आठवड्याच्या आत अथेन्सला जा. मी चिठ्ठी देते, सर्जनशी बोलून ठेवते." त्याने चिठ्ठी घेतली, तुझ्या कपाळाचं चुंबन घेतलं.

तो गेला नाही. मी दर बोटीला त्याच्या दुकानात जायचे. म्हणायचा, "एव्हान्थियाने हात लावला तेव्हापासून हलकं वाटतंय." मी ओरडायचे. तो म्हणायचा, "घाई कशाला? ती नाताळात येणार आहे. तिला पुन्हा दाखवतो, ती म्हणाली तर जातो. अनोळखी माणसाने पोट फाडण्यापेक्षा आपली डॉक्टर बरी." तू नाताळचं काही बोलली नव्हतीस, मला माहीत आहे. गावानेच ठरवलं. तू एकदा आलीस म्हणजे येत राहणार, असं त्यांनी धरलं.

अकरा सप्टेंबरला सकाळी, कपबशा मांडताना, तो खाली बसला. मी पोचले तेव्हा पोट फळीसारखं ताठ झालं होतं. वारा नव्हता, समुद्र तेलासारखा होता. हेलिकॉप्टर चाळीस मिनिटांत आलंसुद्धा. त्याला पंधराच लागली.

सर्जनने तुला फोन केला असेलच, की तुझा माणूस आलाच नाही. तू त्याबद्दल विचारलं नाहीस. मीही लिहिलं नाही. आपण दोघी एकमेकींना सांभाळत बसलो.

पोरी, आता मी जे लिहिते ते मनाला लावून घेऊ नकोस. पुन्हा येऊ नकोस. येऊन राहायचं तर ये, पण ते तुला शक्य नाही, आणि मी तुला ते कधी सांगणारही नाही. चार दिवसांसाठी येऊ नकोस. तुझा पाय लागला की हे लोक बोटीत चढायचे बंद होतात. डॉक्टर नाही हे मी यांना वर्षभर शिकवलं होतं. चार दिवसांत ते सगळं पुसलं गेलं. आता पहिल्यापासून शिकवते आहे. घरोघर जाऊन सांगते, ती येणार नाही, कुणीच येणार नाही, स्वतःच्या पायांनी जा. लोक माझ्याकडे बघतात जसं काही मीच तुला हाकललं. बघू देत.

सोमवारच्या बोटीत मी चौघांना चढवते आहे, चिठ्ठ्या, वह्या, कपडे, सगळं बांधून. तीन तयार आहेत. कॅलिरोई नव्हती. तिच्या त्याच पायाचं दुसरं बोट आता काळं पडलंय, वास येतो. काल मी तिच्या बेकरीत पिठाच्या पोत्यावर दोन तास बसून होते. ऐकेना. "एव्हान्थिया नसेल तर मी कुणालाच पाय दाखवणार नाही." शेवटी मी खोटं बोलले. त्या तरुण डॉक्टरशी बोलले नव्हते ते तिच्याशी बोलले. म्हटलं, "मूर्ख बाई, एव्हान्थिया पलीकडे धक्क्यावर तुझी वाट बघत उभी असणार आहे." ती लगेच उठली आणि विचारायला लागली, तिच्यासाठी कुठला पाव घेऊ, बडीशेपेचा की साधा.

हे पत्र टपालाने वेळेत पोचणार नाही, म्हणून तुझ्या कामाच्या ठिकाणी फॅक्सने पाठवते आहे. बोट अथेन्सच्या बंदरात, पिरेअसला, मंगळवारी सकाळी सहाला लागते. तुझं काम दुपारी तीनला सुरू होतं ना? दनाईला सोडून निघणं जमलं तर जा. नाहीच जमलं तर ती तिथे कठड्याला धरून किती वेळ उभी राहील, मला सांगता येत नाही.

तुझी,
पोलिक्सेनी